सोसायटीच्या नियमाप्रमाणे करा

प्रशासनात जवळजवळ तीस वर्षे काढल्यावर माणूस एक विद्या हमखास शिकतो. नकार द्यायचा, पण तो आपण दिला असे दिसू द्यायचे नाही. नस्तीवर 'नियमानुसार कार्यवाही करावी' एवढा शेरा मारला की काम भागते. साहेबांच्या मनात काय आहे ते खालच्या अधिकाऱ्याला नेमके कळते, अर्जदाराला काहीच कळत नाही, आणि उद्या कोणी विचारणा केलीच तर शेरा निर्दोष ठरतो. नियमानुसार वागा असे सांगण्यात गैर ते काय? ही विद्या मी कार्यालयात शिकलो; परंतु तिचा सर्वांत लाजिरवाणा उपयोग कार्यालयाबाहेर, स्वतःच्या खाजगी व्यवहारात केला. आजचा लेख त्याविषयी आहे.

२०११ साली माझी नेमणूक दिल्लीत होती. निवृत्तीनंतरची सोय म्हणून पुण्यात घेतलेली आमची लहानशी सदनिका भाड्याने द्यायची होती. एके संध्याकाळी एजंटचा फोन आला. "साहेब, पार्टी चांगली आहे. नवरा-बायको दोघेही डॉक्टर. डिपॉझिट उद्याच देतात, भाड्यात घासाघीस नाही." एवढे बोलून तो थांबला आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला, "फक्त एक आहे, साहेब. मुस्लिम आहेत."

मी क्षणभर गप्प राहिलो. माझ्या मनात कोणाविषयी द्वेष नव्हता, असे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. माझे वर्गमित्र आणि सहकारी यांत मुस्लिम होते, आहेत. ईदला त्यांच्या घरी जेवलो आहे. तरीही मी म्हणालो ते एवढेच : "सोसायटीच्या नियमाप्रमाणे करा." एजंट म्हणाला, "कळलं, साहेब." त्याला खरोखरच कळले होते. जागा पुढे तीन महिने रिकामी राहिली. काही वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी सोसायटीच्या उपविधींची प्रत चाळत होतो. भाडेकरूच्या धर्माविषयी तीत एक अक्षरही नव्हते. ज्या नियमाचा मी आडोसा घेतला, तो नियमच अस्तित्वात नव्हता.

मुस्लिमांविषयीचा पूर्वग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दंगल येते, भडक भाषण येते, किंवा मोबाइलवर फिरणारा एखादा विखारी मजकूर येतो. त्या साऱ्यापासून आपण दूर आहोत म्हणून आपण पूर्वग्रहापासूनही दूर आहोत, अशी सुशिक्षित माणसाची समजूत असते. माझे म्हणणे वेगळे आहे. आधुनिक समाजातला पूर्वग्रह आरडाओरडा करीत नाही. तो सभ्य माणसांच्या हातून, नकार दुसऱ्या कोणावर तरी सोपवून काम करतो. घरमालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी इतर सभासदांकडे, सभासद 'वातावरणा'कडे. शेवटी घर मिळत नाही हे खरे उरते, आणि नकार कोणीच दिलेला नसतो.

याला पुरावा काय, असे कोणी विचारील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मलाही तो प्रश्न योग्य वाटतो. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. २००१ च्या जनगणनेनुसार मुस्लिमांचे लोकसंख्येतील प्रमाण १३.४ टक्के होते. भारतीय प्रशासन सेवेत ते ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के असल्याचे समितीला आढळले. मात्र या आकड्यांवरून सगळा दोष पूर्वग्रहाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. शिक्षणातील मागासलेपण, दारिद्र्य, स्पर्धा परीक्षेपर्यंत न पोचणे, अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली आहेत. पूर्वग्रह वेगळा काढून मोजायचा असेल तर बाकी सर्व समान ठेवून केवळ नाव बदलले पाहिजे.

हा प्रयोगही झालेला आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता तुल्य, नावे तेवढी वेगळी : काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाला अनुकूल उत्तर येण्याची शक्यता १ धरली, तर शक्यतांचे गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ भरले. पुढे थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची अशीच पडताळणी केली; ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. दूरध्वनीवर चौकशी करणाऱ्या उच्चवर्णीय हिंदूंना जवळजवळ कोणीच नकार दिला नाही. मुस्लिम नाव सांगणाऱ्या दर दहांपैकी सुमारे तिघांना सरळ नकार मिळाला, आणि इतर अनेकांना अटी घालण्यात आल्या. नकार देणारे हे सगळे घरमालक दंगलखोर नव्हते. ते माझ्यासारखेच असणार.

गॅरी बेकर यांनी १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पूर्वग्रह असणारा माणूस त्याच्यासाठी किंमत मोजायला तयार असतो, ही त्यातली मूळ कल्पना. एम.ए.ला असताना मी तिच्यावर उत्तरे लिहून गुण मिळवले आहेत. २०११ साली तीन महिन्यांचे भाडे बुडवून मी ती किंमत रोखीने मोजली. पण मोजताना आपण काय विकत घेतो आहोत हे ध्यानात आले नाही.

सभ्य माणूस मात्र आपल्या वागण्याला पूर्वग्रह म्हणत नाही, सावधगिरी म्हणतो. अर्थशास्त्रात यालाही नाव आहे. एडमंड फेल्प्स आणि केनेथ अ‍ॅरो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सांख्यिकीय भेदभावाची मांडणी केली. समोरच्या व्यक्तीविषयी पुरेशी माहिती नसली की माणूस तिच्या गटाविषयीच्या समजुतीवरून निर्णय घेतो. एका घरमालकापुरते हे व्यवहारी दिसेल. परंतु हजारो घरमालकांनी तेच केले की त्यातून शहराचा नकाशा तयार होतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली. अहमदाबादेत जुहापुरा वाढत गेला, आणि तेथे केवळ गरीबच नव्हे, तर दुसरीकडे घर घेण्याची ऐपत असलेले डॉक्टर, व्यापारी आणि निवृत्त अधिकारीही राहू लागले. मग आपणच म्हणतो, "ते लोक वेगळेच राहतात, मिसळत नाहीत." दार आपण लावायचे आणि पाहुणा आत येत नाही म्हणून तक्रारही आपणच करायची, असा हा प्रकार आहे. काही बँका विशिष्ट वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून तेथे सहजासहजी कर्ज देत नाहीत, अशी नोंद सच्चर समितीने केली होती. म्हणजे आधी माणूस वस्तीत ढकलला जातो आणि नंतर वस्तीच्या पत्त्यावरून त्याची पत ठरते.

खाजगी घरमालकाच्या शंकेची किंमत तीन महिन्यांच्या भाड्यात मोजता येते. अधिकार हाती असलेल्या माणसाच्या शंकेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. २०१९ साली 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' या संस्थांनी २१ राज्यांतील सुमारे १२,००० पोलिसांचे सर्वेक्षण केले. मुस्लिम स्वभावतःच गुन्हेगारीकडे झुकलेले असतात असे कमीअधिक प्रमाणात वाटणारे पोलीस त्यात निम्मे निघाले. अक्षरधाम मंदिरावरील २००२ चा हल्ला हा निरपराध भाविकांचा बळी घेणारा अमानुष गुन्हा होता. त्यात सहा जणांना दोषी ठरवण्यात आले आणि तिघांना फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सहाही जणांची मुक्तता केली आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. त्यांतील काहींच्या आयुष्याची दहा वर्षे तोपर्यंत तुरुंगात गेली होती. हानी भाविकांचीही झालीच, कारण चुकीचा माणूस पकडला की खऱ्या गुन्हेगाराचा माग तिथेच संपतो.

आम्हा सरकारी माणसांच्या हातून आणखी एक गोष्ट घडते : आकडा खरा असतो, पण तो बाहेर पडतो चुकीच्या मथळ्याखाली. सप्टेंबर २००४ मध्ये धर्मनिहाय जनगणनेची माहिती जाहीर झाली, तेव्हा १९९१ ते २००१ या दशकात मुस्लिम लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली असे दिसत होते. १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. तेथील लोकसंख्या २००१ च्या बेरजेत होती आणि १९९१ च्या बेरजेत नव्हती. हा फरक वजा केल्यावर वाढ सुमारे २९ टक्क्यांवर आली, म्हणजे आधीच्या दशकापेक्षा ती मंदावलीच होती. दुरुस्ती लगेच झाली. परंतु पहिला आकडा गावोगाव पोचला होता, आणि दुरुस्तीला तेवढे पाय नसतात. २००१ ते २०११ या दशकात ही वाढ २४.६ टक्क्यांपर्यंत उतरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे मुस्लिम स्त्रियांचा सरासरी जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.३६ झाला, हिंदू स्त्रियांचा याच काळात ३.३ वरून १.९४ झाला. केरळमधील मुस्लिम स्त्रीपेक्षा बिहारमधील हिंदू स्त्रीला सरासरीने अधिक मुले होतात. प्रश्न धर्माचा कमी आणि मुलींच्या शिक्षणाचा व आरोग्यसेवेचा अधिक आहे, हे या आकड्यांवरून कोणालाही दिसावे. तरीही लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात आणि आमच्या कार्यालयांच्या उपाहारगृहांत अजून जुन्याच पद्धतीची गणिते मांडली जातात. २०२० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलिगी मेळाव्याशी संबंधित रुग्णांचा आकडा दररोज स्वतंत्रपणे सांगितला जात होता. संसर्गाचा माग काढण्यासाठी तो आकडा प्रशासनाला हवा होता, यात शंका नाही. तो रोज लोकांना ऐकवण्याची गरज होती का, याचा विचार झाला नाही. आणि त्याचे परिणाम गल्लीतल्या भाजीवाल्याला नाव विचारण्यापर्यंत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे मत नोंदवले.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप मालकी हक्काचा. घर माझे, कोणाला द्यायचे ते मी ठरवीन. कायद्याची आजची स्थितीही बरीचशी अशीच आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या बाबतीत भेदभावाला मनाई आहे. भाड्याच्या घराचा उल्लेख नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. परंतु मालकी हक्क अनिर्बंध असतो हे खरे नाही. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने एचआयव्हीबाधित व्यक्तीला त्या कारणासाठी घर नाकारण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या कायद्याने हेच संरक्षण तृतीयपंथीयांना दिले आहे. म्हणजे खाजगी घराच्या उंबरठ्यावर समतेचा कायदा नेता येतो, हे आपल्या संसदेने दोनदा मान्य केले आहे. धर्माच्या बाबतीत मात्र ते पाऊल उचलायचे राहिले आहे. समान संधी आयोगाची शिफारस सच्चर समितीने केली, २००८ मध्ये तज्ज्ञगटाने त्याचा आराखडा दिला, फेब्रुवारी २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांपुरत्या अशा आयोगाला संमती दिली. आयोग मात्र स्थापन झाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीरपणे मांडला जातो. त्या समाजातील कर्मठपणाचे काय? बायकांना मिळणाऱ्या वागणुकीचे काय? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. मराठी माणसाला तर तो कोणी शिकवायला नको. हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. स्वसमाजातील सनातन्यांवर त्यांच्याइतकी परखड टीका फार थोड्यांनी केली असेल. पण टीका विचारावर होते आणि पूर्वग्रह माणसावर कोसळतो, हा भेद आपण विसरतो. दलवाईंचे लेखन आवडीने सांगणारा घरमालकही भाडेकरूचे नाव ऐकून थबकतो. हा भाडेकरू दलवाईंच्या बाजूचा आहे की विरुद्ध, हे तो विचारत नाही. नावापलीकडचे काही त्याला जाणूनच घ्यायचे नसते. आणि सुधारकाला व सनातन्याला एकाच वस्तीत कोंडले, तर बळ कोणाचे वाढते हे सांगायला नको.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या मराठी वाचकांना भाड्याच्या घराची कहाणी नवी नाही. चेन्नईत, बेंगळुरूत, दिल्लीत पहिल्या आठवड्यात आपल्याला काय काय विचारले गेले ते आठवा. कुठले? मांसमच्छी खाता का? घरी कोण कोण येणार? आपण ती उत्तरे जरा अपमानित होऊनच दिली असतील, परंतु दोन-चार दारे ठोठावल्यावर आपल्याला घर मिळाले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी महिलेला 'मराठी माणसांना जागा देत नाही' असे ऐकवण्यात आले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला संताप आला, आणि तो योग्यच होता. महाराष्ट्राच्याच राजधानीत असे कोणी म्हणू शकते, या विचाराने मलाही दिल्लीत बसून झोप आली नाही. त्या रात्री मला आठवला तो २०११ मधला फोन. मुलुंडमध्ये निदान नकार तोंडावर दिला गेला. म्हणून त्याचे चित्रीकरण झाले, बातमी झाली, माफी मागितली गेली. मी दिलेल्या नकाराचे चित्रीकरण होण्यासारखे काही नव्हतेच.

मग करायचे काय? कायदा हवा, हे मी वर सुचवलेच आहे. पण कायद्याआधी मोजमाप हवे. थोरात-अ‍ॅटवेल यांच्यासारखी पडताळणी संशोधकांवर न सोपवता सरकारनेच ठरावीक काळाने, मोठ्या शहरांत, घरे, नोकऱ्या आणि कर्ज या तिन्ही बाबतींत करून घ्यावी आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. ज्याची नोंद नाही त्याची दखल प्रशासन घेत नाही, हा आमचा स्वभाव मी जाणतो. दुसरे, नकाराचे कारण लेखी देण्याचे बंधन निदान नोंदणीकृत संस्थांवर तरी असावे. लेखी लिहिताना माणसाचा हात अडखळतो. तेवढ्या अडखळण्यातही पुष्कळ साधते. वैयक्तिक पातळीवर मी स्वतःला एकच नियम घालून घेतला आहे : जो नकार मी स्वतःच्या नावाने, कारणासह लिहून देऊ शकत नाही, तो द्यायचा नाही.

२०१९ साली आमची जागा पुन्हा रिकामी झाली, तेव्हा मी त्याच एजंटला ई-मेलने कळवले की भाडेकरूचा धर्म, जात किंवा आहार विचारू नये, आणि सोसायटीने काही हरकत घेतली तर ती लेखी मागावी. मनात थोडे समाधानही होते, खोटे कशाला सांगू? एजंटचा फोन आला. "साहेब, तुमचं मेल वाचलं. माझी काही हरकत नाही. पण ते लोक आता या बाजूला विचारायलाच येत नाहीत."

जागा एका बँक अधिकाऱ्याला गेली. त्या वर्षी आमच्या इमारतीत कोणालाही धर्मावरून घर नाकारले गेले नाही. अर्जच आला नाही, म्हणून नकार नाही. नकार नाही, म्हणून तक्रार नाही. आणि तक्रार नाही, म्हणून सर्व काही सुरळीत आहे, असा शेरा आम्ही मारू शकतो. असे शेरे मी आयुष्यभर मारत आलो आहे. त्या दोन डॉक्टरांची नावे मी एजंटला कधी विचारली नव्हती. ती आता त्यालाही आठवत नाहीत.